ज्याला मतदारसंघ नाही

एक जुनी चित्रफीत मी अधूनमधून पुन्हा बघते. १० एप्रिल २०१८. अमेरिकी सेनेटच्या दोन समित्यांपुढे फेसबुकचे मार्क झुकरबर्ग बसले आहेत. ऑरिन हॅच त्यांना विचारतात, की लोक तुम्हाला पैसे देत नाहीत, मग तुमचा धंदा चालतो कसा? हॅच यांचं वय तेव्हा ८४, सेनेटमध्ये ते १९७७ पासून. झुकरबर्ग क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “सेनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो.” ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही खो-खो हसले होते. सगळं जग हसत होतं. आता वाटतं, हॅच यांना उत्तर ठाऊकही असेल. समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं असेल. पण ते असो. हसू ओसरल्यावर जे उरलं ते त्रासदायक होतं. मी हसत होते ते ज्यांनी नियम करायचे त्यांना, आणि ज्याला नियम लावायचे तो मात्र माझ्यासोबत हसत होता. या हसण्यात मी नक्की कुणाच्या बाजूला बसले होते?

पुढे कळलं की या प्रसंगाची तयारी २३ वर्षं आधीच झाली होती. अमेरिकी काँग्रेसने १९७२ मध्ये स्वतःसाठी एक छोटं कार्यालय काढलं होतं. काम एकच, नव्या तंत्रज्ञानाचे परिणाम लोकप्रतिनिधींना समजतील अशा भाषेत सांगणं. देखरेखीला दोन्ही सभागृहांतले, दोन्ही पक्षांचे सारख्या संख्येने सदस्य. या कार्यालयाने सुमारे साडेसातशे अहवाल लिहिले. ते पाहून युरोपातल्या संसदांनीही तशीच कार्यालयं काढली, आणि त्यांतली बरीच आजही चालू आहेत. अमेरिकेतलं मात्र सप्टेंबर १९९५ मध्ये बंद झालं. खर्चकपातीची लाट होती, आणि संसदेने आधी आपल्याच घरात काटकसर करून दाखवायची ठरवली. वाचले किती, तर वर्षाचे दोन-सव्वादोन कोटी डॉलर. इंटरनेट ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीचे शेअर बाजारात येऊन जेमतेम दोन महिने होत होते. इंटरनेट दाराशी उभं होतं, नेमकं तेव्हाच.

गंमत म्हणजे ते कार्यालय काढणारा कायदा कुणी रद्द केला नाही, नुसते पैसे थांबवले. कायदा आजही पुस्तकात आहे, फक्त टेबल-खुर्च्या नाहीत. मला छळतो तो याहून साधा प्रश्न. ते कार्यालय बंद झालं त्या दिवशी कुणाचं काय अडलं? कुणाचंच नाही. एकाही मतदाराच्या दारातला दिवा गेला नाही. अडलं ते २३ वर्षांनी, भर सभागृहात, आणि तेव्हा आपण हसलो.

*

लोकशाहीचं दुखणं सांगताना एक वाक्य हमखास येतं. प्रतिनिधीची मुदत चार-पाच वर्षांची आणि प्रश्न शंभर वर्षांचे, मग तो पुढचं कसं बघणार? निदान बरोबर वाटतं, म्हणून औषधही लगेच सुचतं. मुदत वाढवा. निवडणुका कमी करा. जाणकारांच्या हाती द्या.

इथे मला चार्टिस्ट आठवतात. १८३८ मध्ये ब्रिटनमधल्या कामगारांच्या या चळवळीने सहा मागण्यांची सनद काढली. सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, समान आकाराचे मतदारसंघ, आणि दरवर्षी निवडणूक. पहिल्या पाच कालांतराने मान्य झाल्या. सहावी आजतागायत झाली नाही. दरवर्षी निवडणूक! आज वाचताना ही मागणी वेडगळ वाटते, पण त्यांचा हिशेब पक्का होता. १७१६ च्या कायद्याने संसदेची मुदत सात वर्षांची केली होती, आणि सात वर्षांसाठी एक जागा विकत घेणं श्रीमंताला परवडत होतं. दरवर्षी विकत घेणं परवडलं नसतं.

म्हणजे मुदत आखूड आहे ती कुणाच्या नजरचुकीने नव्हे. ती मालकाने हातात धरलेली दोरी आहे. ती लांबवली की प्रतिनिधी दूरवर बघू लागेलच असं नाही. दूरवर चरायला मात्र नक्की जाईल. ज्या राजवटींनी निवडणुकांचा काच काढून टाकला त्यांनी नातवंडांसाठी काय राखून ठेवलं, ते एकदा बघावं. सोव्हिएत संघातला अरल समुद्र आटला तो मतदारांच्या घाईमुळे नाही.

शिवाय आखूड नजर फक्त प्रतिनिधीची असते काय? मागच्या निवडणुकीनंतर मी एक उद्योग केला. मत कशासाठी दिलं ते एका वहीत लिहून काढलं, अगदी प्रामाणिकपणे, कुणाला दाखवायचं नव्हतं म्हणून. सात ओळी झाल्या. सातही गोष्टी अशा, की झाल्या तर दोन वर्षांत मला दिसल्या असत्या. माझ्यानंतरच्या कुणासाठी म्हणून लिहिलेली एकही ओळ नाही. आणि मी असले लेख लिहिणारी बाई! आप मेला, जग बुडालं ही म्हण आपण दुसऱ्यांवर टीका करायला वापरतो. माझी वही उघडली की ती माझ्याच अक्षरात भेटते.

*

मराठीत ‘पुढची पिढी’ म्हणतो आपण. पण ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतो तेव्हा पुढचा म्हणजे आधी चाललेला. या हिशेबाने पुढची पिढी खरं तर मागून येते आणि पुढचे आपणच. काळाच्या बाबतीत भाषेने घातलेला हा गोंधळ मला फार आवडतो, कारण गोंधळ खराच आहे. म्हणीतल्या मागच्याला शहाणं व्हायला वाव असतो. त्याला दगड दिसतो, तो वळसा घालतो. पण आपण ज्या गोष्टी करून ठेवतो आहोत त्यांतल्या काही अशा, की ठेच मागच्यालाच लागावी आणि पुढच्याला पत्ताही नसावा.

‘प्रतिनिधी’ हा शब्दही असाच. यज्ञात सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी जे वापरायचं ते प्रतिनिधी. सोमवल्ली नसली तर पूतीक. मीमांसकांनी, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, या पर्यायांचा बारकाईने खल केला आहे, आणि त्यात एक मजेशीर मर्यादा घातली आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, पण यजमानाला चालत नाही. का? तर कर्माचं फळ त्याला मिळायचं असतं. ज्याला फळ भोगायचं त्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही.

आपली सगळी प्रातिनिधिक व्यवस्था याच्या बरोबर उलट्या पायावर उभी आहे. फळ भोगणारे लाखो, आणि कर्म करणारे त्यांच्या वतीने पाचशे. हे चालून जातं, कारण भोगणारा चार वर्षांनी दारात येऊन जाब विचारतो. पण जिथे भोगणारा अजून जन्मलेलाच नाही, किंवा दुसऱ्या देशात राहतो, तिथे? तिथे यजमान नसलेला यज्ञ चालू असतो. धूर जाईल तिकडे जाईल.

*

यावर अलीकडच्या काळात सुचलेला उपाय म्हणजे न जन्मलेल्यांसाठी पालक नेमणं. इस्रायलने २००१ मध्ये संसदेतच भावी पिढ्यांसाठी आयोग नेमला. हा आयोग सरकारी खात्यांकडून माहिती मागवू शके, विधेयकावर मत द्यायला वेळ मागू शके. मुदत संपली तेव्हा, २००६ मध्ये, नवा आयुक्त नेमलाच गेला नाही. हंगेरीने २००८ मध्ये भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र लोकपाल आणला. तीनच वर्षांत नवी राज्यघटना आली आणि ते पद दुसऱ्या कार्यालयात उपपद म्हणून जिरवलं गेलं. वेल्सने २०१५ मध्ये कायदा केला, आयुक्त नेमला, आणि ते पद अजून आहे. नकाराधिकार नाही, पण कायद्याखाली येणाऱ्या सार्वजनिक संस्थांना ‘याचा पुढे काय परिणाम?’ हे विचारण्याचा हक्क आहे. २०१९ मध्ये तिथला एक मोठा महामार्ग प्रकल्प सरकारने सोडून दिला. आयुक्तांचा विरोध हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक होतं.

पालक नेमण्याच्या कल्पनेबद्दल मला आदर आहे आणि थोडा संशयही. न जन्मलेल्यांच्या वतीने बोलण्यात एक सोय असते. ‘आम्ही असं कधी म्हटलं होतं?’ असं विचारायला ते उठून उभे राहत नाहीत. पण खरी अडचण त्याहून ढोबळ आहे. अशा पदाचा गळा दाबला जातो तेव्हा ओरडणारं कुणी नसतं. १९९५ चं ते कार्यालय, इस्रायलचा आयोग, हंगेरीचा लोकपाल, कुणासाठीही माणसं रस्त्यावर उतरून सरकार अडचणीत आलं नाही. ज्याला मतदारसंघ नाही त्याची खुर्ची उचलायला दोन शिपाई पुरतात.

जर्मनीतली गोष्ट मला म्हणून जास्त शिकवून गेली. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ च्या वसंतात हवामान कायद्याचा काही भाग घटनाबाह्य ठरवला. फिर्यादींत तरुण मुलं होती. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की २०३० पर्यंत तुम्ही सैल वागणार आणि कपातीचा मोठा बोजा त्यानंतर टाकणार, म्हणजे आज जिवंत असलेल्या या मुलांचं उद्याचं स्वातंत्र्य तुम्ही आजच खर्च करून टाकता. यात न जन्मलेल्यांची वकिली हा मुख्य मुद्दा नव्हता. जन्मलेल्यांच्याच उरलेल्या आयुष्याचा हिशेब होता. फिर्यादीला नाव होतं, वय होतं, हक्क होते. निकाल जाहीर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत संसदेने कायदा बदलला, कार्बन-तटस्थतेचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. एवढी चपळाई कुठून आली? सप्टेंबरात निवडणूक होती! ज्या आखूड मुदतीला आपण शिव्या घालतो तीच इथे कामाला आली.

*

आता मला जरा फिनलंडमध्ये रेंगाळायचं आहे. माझ्या मनातल्या गोष्टीचा सगळ्यांत मोठा साक्षीदार तिथे जमिनीखाली आहे.

अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन एक लाख वर्षं तरी माणसापासून दूर ठेवावं लागतं. एक लाख! लिपी निघून पाच हजार वर्षं झाली. इतक्या लांबच्या काळासाठी निर्णय घ्यायला चार वर्षांची संसद लायक नाही, असं कुणी म्हटलं तर पटकन पटेल. पण जगातलं अशा इंधनाचं पहिलं कायमचं भूमिगत ठिकाण एका संसदीय लोकशाहीने बांधलं आहे. ओल्किलुओतो बेटावर, सुमारे दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात, चारशे मीटरहून खोल. नाव ‘ओन्कालो’. तांब्याचे जाड डबे, भोवती फुगणारी चिकणमाती, आणि मग खडक.

त्यांनी केलं काय? १९८३ मध्ये सरकारने एक वेळापत्रक ठरवलं: जागा २००० सालापर्यंत निवडायची. सतरा वर्षांची मुदत. मधे सरकारं आली, गेली, वेळापत्रक राहिलं. १९८७ च्या कायद्याने ज्या गावच्या हद्दीत प्रकल्प येणार त्या नगरपालिकेला पूर्ण नकाराधिकार दिला. ती नाही म्हणाली तर संसदेलाही पुढे जाता येत नाही. १९९४ मध्ये कायदा आणखी बदलला: अणुकचरा देशाबाहेर पाठवायचा नाही आणि बाहेरचा आणायचाही नाही. म्हणजे दृष्टीआड सृष्टी करायची वाटच बंद. मग एउरायोकी नगरपालिकेने २००० च्या सुरुवातीला होकार दिला, आणि २००१ मध्ये संसदेने जवळजवळ एकमताने शिक्कामोर्तब केलं.

या होकारामागे एक तपशील आहे, तो कळल्यापासून मी त्यावर विचार करते आहे. एउरायोकीत आधीपासून अणुभट्ट्या होत्या, कर येत होता, माणसं तिथे कामाला होती. तरी ऐंशीच्या दशकात हीच नगरपालिका कचऱ्याला नाही म्हणत होती. मन वळलं त्यात बोलणी होती, आणि बोलण्यांत एक वृद्धाश्रम होता. नवा वृद्धाश्रम बांधायला नगरपालिकेला कर्ज हवं होतं. कचऱ्याचं काम करणाऱ्या कंपनीने ते दिलं आणि गावातली जुनी हवेली भाड्याने घेतली.

पहिली प्रतिक्रिया? लाच! एक लाख वर्षांचा प्रश्न आणि तुम्ही तो वृद्धाश्रमाच्या कर्जावर मिटवता? काही दिवस मी याच मतावर होते. पण मग उलट बाजू दिसू लागली. गावाकडे नकार होता, खरा, कायद्याने दिलेला. नाही म्हणता येणाऱ्याशी केलेला व्यवहार आणि ज्याला बोलताच येत नाही त्याच्यावर टाकलेलं ओझं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि गावाला आज मिळालेल्या गोष्टीमुळे प्रकल्पाला एक सख्खा, जिवंत, मत देणारा नातेवाईक मिळाला. उद्या कुणी काम अर्धवट सोडलं तर ओरडणारं माणूस मिळालं.

दुसरीकडे अमेरिकेत १९८७ मध्ये काँग्रेसने इतर सगळ्या जागा बाजूला सारून अणुकचऱ्यासाठी फक्त नेवाडा राज्यातला युका माउंटन हा डोंगर अभ्यासासाठी ठेवला. नेवाडात एकही अणुवीजकेंद्र नाही. लोकसंख्या थोडी, काँग्रेसमध्ये वजन कमी. बाकीच्यांना सोपं गेलं. २००२ मध्ये राज्यपालांनी नकार कळवला, तो काँग्रेसने झुगारला. पण १९८७ मध्येच नेवाडाचा एक नवखा सेनेटर सभागृहात येऊन बसला होता, हॅरी रीड. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, तो सेनेटमधल्या बहुमताचा नेता झाला. पुढच्या तीन-चार वर्षांत प्रकल्पाचे पैसे बंद. तोवर सुमारे १५ अब्ज डॉलर खर्च झाले होते.

घाईने, जबरीने घेतलेला ‘दीर्घकालीन’ निर्णय वीस वर्षं टिकला. गावाला नाही म्हणायची मुभा देऊन, सतरा वर्षं वाट बघून घेतलेला निर्णय अजून उभा आहे.

नेदरलँड्समध्ये याहून जुनं उदाहरण आहे. बांध आणि पाणी सांभाळणारी तिथली स्थानिक पाणीमंडळं तेराव्या शतकापासूनची, आजच्या देशाहून वयाने मोठी. आज ती २१ आहेत. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते, स्वतःचा कर असतो, आणि मोजक्या जागा शेतकऱ्यांसाठी व निसर्गक्षेत्र सांभाळणाऱ्यांसाठी राखीव असतात. १९५३ च्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली, आणि त्यानंतर समुद्रावर बांधांची मालिका उभी राहिली. पण त्यातही एक खाडी पूर्ण बंद करायचं ठरलं तेव्हा कालवं-शिंपले काढणारे आणि पर्यावरणवाले अडून बसले, आणि सत्तरच्या दशकात संसदेने आराखडा बदलून उघडझाप करणारी दारं बसवली. खर्च वाढला, वेळ वाढला. खाडी जिवंत राहिली. पाणीमंडळ बंद करायची सूचना कुणी केलीच तर कराची पावती घेऊन उभे राहणारे लाखो लोक आहेत. पाण्याची भीती त्यांनी दरवर्षीच्या देयकात बांधून ठेवली आहे.

*

चिठ्ठ्या टाकून माणसं निवडण्याबद्दल मात्र माझं मत दोनदा बदललं. कल्पना प्राचीन अथेन्सची. तिथली पाचशेंची सभा चिठ्ठीने, एका वर्षासाठी निवडली जाई. आयर्लंडने २०१६ मध्ये अशा ९९ सामान्य नागरिकांना एका न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली बसवलं. गर्भपातबंदीचं कलम घटनेत १९८३ पासून होतं, आणि त्याला हात लावायला मोठे पक्ष धजत नव्हते. पाच शनिवार-रविवार या माणसांनी डॉक्टर, वकील, बायकांचे अनुभव ऐकले, आणि राजकारण्यांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन शिफारस केली. मे २०१८ मधल्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. मी भारावून गेले. निवडणुका बंद करून चिठ्ठ्याच टाकाव्यात इथपर्यंत माझी गाडी गेली होती.

मग फ्रान्स. १५० नागरिक, हवामानावर १४९ सूचना. राष्ट्राध्यक्षांनी ‘गाळणी न लावता’ पुढे नेण्याचा शब्द दिला होता. तीन सूचना त्यांनी तिथल्या तिथे बाजूला काढल्या, बाकीच्या पातळ होत गेल्या. शेवटी त्याच नागरिकांनी सरकारच्या कामाला गुण दिले, दहापैकी चारही नाहीत. आणि २०२४ मध्ये खुद्द आयर्लंडमध्ये, नागरिक सभेच्याच शिफारशींतून निघालेल्या पण सरकारने शब्द बदललेल्या दोन घटनादुरुस्त्या लोकांनी मोठ्या फरकाने फेटाळल्या.

फरक कुठे होता? २०१८ मध्ये नागरिकांच्या शिफारशीला वाहून जायला पक्का पाट होता. घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं, आणि त्याआधी संसदेच्या समितीला ती शिफारस हाताळावी लागली. फ्रान्समध्ये पाट नव्हता, एका माणसाचा शब्द होता. चिठ्ठीने निवडलेली माणसं मला आता तालमीच्या खोलीसारखी वाटतात. तिथे भीड चेपते, अवघड वाक्य पहिल्यांदा उच्चारलं जातं. प्रयोग मात्र निवडून आलेल्यांनाच करावा लागतो, तिकीट काढून आलेल्यांसमोर.

*

तंत्रज्ञानाच्या वेगाचं काय? युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याचा मसुदा एप्रिल २०२१ मध्ये मांडला. यंत्रणा कशासाठी वापरली जाते त्यावर नियम बेतले होते: नोकरभरती, कर्ज, पोलीस वगैरे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ते नक्की ‘कशासाठी’ आहे याचं एक उत्तरच नव्हतं. मसुद्यात नवं प्रकरण खोचावं लागलं, आणि कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्यातली बरीच कलमं लागू होण्याच्या तारखा त्याच्याही पुढच्या. लोकांनी थट्टा केली. मला थट्टा अन्यायाची वाटते. २७ देशांनी तीन वर्षांत एका गोष्टीवर एकमेकांचं ऐकून घेतलं, हे कमी नाही. चूक असेल तर ती संथपणाची नाही. एकदा लिहून मोकळं होता येईल या समजुतीची आहे.

ओझोनच्या कराराने ही समजूत फार आधी सोडली होती. १९८७ चा मॉन्ट्रियल करार मुळात अगदी माफक होता. शतक संपेपर्यंत ओझोनचा थर विरवणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायनं निम्म्यावर आणायची, एवढंच. पण करारातच सोय होती, की शास्त्रज्ञांनी ठरावीक वर्षांनी आढावा घ्यायचा, आणि आधीच यादीत असलेल्या रसायनांच्या तारखा अलीकडे आणायच्या तर पुन्हा प्रत्येक संसदेची मंजुरी लागणार नाही. एकमत झालं नाही तर दोन तृतीयांश बहुमतही पुरेल. १९९० मध्ये लंडनला जमले, निम्म्याचं पूर्ण बंदीवर गेले. १९९२ मध्ये कोपनहेगनला जमले, श्रीमंत देशांसाठी तारीख १९९६ वर आणली. २००९ पर्यंत जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला होता. फार दूरचं कुणाला दिसलं होतं असं नाही. परत यायची तारीख ठरलेली होती, आणि ते परत येत राहिले. पर्यायी रसायनं विकणाऱ्या कंपन्यांनाही करार टिकण्यात रस निर्माण झाला, हेही त्यातच आलं. पुन्हा तोच वृद्धाश्रम.

आणखी एक निकाल मला या संदर्भात जवळचा वाटतो. २००९ मध्ये जर्मन घटनात्मक न्यायालयाने तिथे वापरलेली मतदान यंत्रं घटनेत बसत नाहीत असं ठरवलं. यंत्रात घोटाळा झाला म्हणून नव्हे. मतमोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आल्या पाहिजेत, म्हणून. एस्टोनियाने बरोबर उलटी वाट धरली; तिथे २००५ पासून इंटरनेटवरून मत देता येतं आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. दोन्ही देश शहाणे आहेत. माझा कल जर्मन निकालाकडे आहे, आणि मला तो मतपेटीपुरता ठेवायचा नाही. जे यंत्र माझं कर्ज, माझी नोकरी, माझ्यापुढे येणारी बातमी ठरवतं, त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेनेटरला आणि मला एकाच बैठकीत समजलं पाहिजे. हॅच यांचा प्रश्न या दृष्टीने अगदी नेमका होता. पैसे कुठून येतात? सभागृहात त्याहून कामाचा प्रश्न त्या दिवशी फारसा कुणी विचारला नाही.

*

परवा ती वही पुन्हा काढली. सात जुन्या ओळींखाली पाच नव्या लिहिल्या, या खेपेला माझ्यानंतरच्या गोष्टी. समुद्राची पातळी आणि हवा यांच्या नोंदी अखंड ठेवणारी माणसं. संसदेला तंत्रज्ञान समजावून सांगणारं कार्यालय. वापरलेल्या अणुइंधनाची जागा. जमिनीखालच्या पाण्याचं मोजमाप. यंत्राने माझ्याबद्दल घेतलेल्या निर्णयाचं कारण विचारायची खिडकी.

मग प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आखला: ‘हे उद्या बंद पडलं तर आज कुणाचं अडेल?’ अणुइंधनापुढे लगेच लिहिता आलं, ज्या गावाशेजारी ते आज पडून आहे त्या गावाचं. पाण्यापुढे शेतकऱ्यांचं. खिडकीपुढे, जिचा अर्ज काल यंत्राने नाकारला त्या मुलीचं.

नोंदींपुढे आणि कार्यालयापुढे बराच वेळ काही सुचेना. शेवटी त्या दोन रकान्यांत मी माझं नाव लिहिलं आहे. पेन्सिलीने.